गाडीचे टायर कधी बदलायचे? उसगावच्या टायरवालीची पद्धत

गणपतीच्या चवथीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. आखातातून, मुंबईहून, पुण्याहून माणसं गावी येतात, वर्षभर झाकून ठेवलेली गाडी बाहेर काढतात, आणि चाकं बसलेली बघून पायपंपानं कशीबशी हवा भरून आमच्याकडे आणतात. दोन वर्षांपूर्वी असेच एक काका आले. पांढरी छोटी गाडी, मीटरवर एकोणीस हजार किलोमीटर, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

“हवा बघ बाय, आणि बॅलन्सिंग कर. टायर काय, नवेच आहेत.”

नक्षी खरंच भरगच्च होती. मी खाली बसले, मोबाइलचा दिवा मारला आणि टायरवरचा आकडा वाचला: 3412. म्हणजे 2012 सालातला चौतिसावा आठवडा. मग त्यांच्यासमोरच व्हॉल्वची पिन दाबून थोडी हवा सोडली. टायर जरा दबला तशा त्याच्या बगलेतल्या भेगा उघडल्या. मे महिन्यात शेतातल्या सुकल्या चिखलाला पडतात ना, तशा. काकांनी चष्मा वर केला, खाली केला.

“अजून एक पावस काढतील मगे?”

काढले असते की नाही, हे सांगायला मी जोशी नाही. पण ते त्या गाडीतून सुनेला आणि नातवाला घेऊन चोर्ला घाटातून बेळगावला जाणार होते. मी नाही म्हटलं. चारही बदलले.

हा प्रसंग आधी सांगितला, कारण दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: टायर किती किलोमीटर चालतात? मुंबईत नाहीतर पुण्यात हा प्रश्न ठीक असेल. आमचं गोवा राज्य पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळं मिळून 105 किलोमीटर लांब. घर, ऑफिस, बाजार, सोमवारी देऊळ, महिन्यातून एकदा पणजी. माझ्या गिऱ्हाइकांत कित्येकांची गाडी वर्षाला सहा-सात हजारांच्या वर जात नाही. या वेगानं पंचेचाळीस हजार व्हायला सात वर्षं लागतात. नक्षी शिल्लक असते, पण तोवर रबर म्हातारं झालेलं असतं. म्हणून मी आधी तारीख बघते, मग नक्षी, आणि मीटर सगळ्यात शेवटी.

हे मी वडिलांकडून शिकले. तिस्क-उसगावला त्यांचं पंक्चरचं खोपटं होतं तेव्हा दिवसरात्र खनिजाचे ट्रक धावत. रात्री दोन वाजता कोणीतरी शटर वाजवायचं आणि बाबा लुंगी खोचत उठायचे. 2012 साली खाणी बंद पडल्या आणि ते ट्रक जिथल्या तिथे उभे राहिले, घरांच्या अंगणात, काजूच्या झाडांखाली. दोनतीन वर्षांनी काही मालकांनी ते विकायला काढले तेव्हा बाबा टायर बघायला जात. मीही एकदोनदा सोबत गेले. नक्षी बोटभर खोल, आणि बगला फाटलेल्या. एका मालकाला पटेना. “धावलाच नाही तर झिजला कसा?” म्हणाला. बाबांनी नखानं बगलेचा एक पापुद्रा काढून त्याच्या हातावर ठेवला.

कारण साधं आहे. टायरच्या रबरात कारखान्यातच एक प्रकारचं मेण आणि काही रसायनं मिसळलेली असतात. टायर फिरतो, दबतो, सुटतो, तसं ते मेण हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं आणि हवेतल्या ओझोनपासून, उन्हापासून रबराला जपतं. गाडी उभीच राहिली की हे येणं जवळजवळ थांबतं. वर ऊन, हवेतला प्राणवायू आणि उष्णता यांचं काम चालूच. रबराचा मऊपणा जातो, ते निबर होतं, आणि निबर रबर ओल्या रस्त्याला चिकटत नाही. नक्षी कितीही असो.

तारीख कुठे असते

टायरच्या बगलेवर इंग्रजीत डीओटी अशी तीन अक्षरं शोधा. त्यापुढे अक्षरांची आणि आकड्यांची एक माळ असते, आणि तिच्या शेवटी, बहुतेक एका लंबगोल चौकटीत, चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 0921 असेल तर 2021 सालचा नववा आठवडा, म्हणजे फेब्रुवारीअखेर किंवा मार्चची सुरुवात. एवढंच.

अडचण एकच. पुष्कळ टायरांवर हे चार आकडे एकाच बाजूला असतात, आणि ती बाजू नेमकी आतल्या अंगाला बसवलेली असू शकते. बाहेरून डीओटी दिसलं पण चार आकडे दिसले नाहीत, तर टायरवर तारीखच नाही असं समजू नका. स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, पुढच्या चाकाची आतली बाजू उघडी पडते. मागच्या चाकांसाठी खाली वाकावं लागतं. मोबाइल आत धरून फोटो काढा, सोपं जातं. चारही टायर वाचा. आणि पाचवाही, त्याबद्दल पुढे सांगते.

आता वर्षांचा हिशेब. टायर कंपन्यांचा साधारण सल्ला असा की पाच वर्षं वापरून झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, आणि बनल्याच्या तारखेपासून दहा वर्षं झाली की कसाही दिसो, काढून टाका. काही गाडी कंपन्या सहाच वर्षं सांगतात. तुमच्या गाडीसोबतच्या पुस्तकात बघा, बऱ्याच जणांनी ते उघडलेलंही नसतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर गोव्यात सहा वर्षांनंतर मी टायरवर भरवसा ठेवत नाही. सातवं वर्ष म्हणजे पैसे बाजूला काढायचं वर्ष. गाडी शेडमध्ये असेल, नीट चालत असेल, तर एखादा टायर सात काढतो. उघड्यावर, दिवसभर उन्हात उभी राहणारी असेल, तर पाचव्या वर्षीच बगलेत केसासारख्या रेघा दिसू लागतात.

केसासारख्या रेघा दिसल्या म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. नख त्यात अडकत नसेल तर तारीख बघा आणि लक्ष ठेवा. नख अडकलं, किंवा नक्षीच्या खाचांच्या तळाशी भेगा दिसल्या, तर थांबू नका.

दुकानात नवा टायर घेतानाही हे चार आकडे मागा. सावलीत, नीट रचून ठेवलेला सहा-आठ महिन्यांचा टायर बिनघोर घ्या. दोन वर्षांपूर्वीचा कोणी ‘नवा’ म्हणून तुमच्या गळ्यात मारत असेल तर दर तरी उतरवून घ्या, नाहीतर सोडा. उसगावात एमआरएफचा कारखाना आहे, म्हणून माझ्याकडे गरमागरम टायर मिळतो असं काही गिऱ्हाइकांना वाटतं, बेकरीतल्या उंड्या पावासारखा. माझा माल वितरकाकडूनच येतो हो. मीसुद्धा तारीख वाचूनच उतरवून घेते.

काडेपेटीतली काडी

नक्षी मोजायला माझ्याकडे गेज आहे, शेदीडशे रुपयांत कुणालाही मिळतं. पण घरी काडेपेटी आणि मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी पुरते.

काडी नक्षीच्या मुख्य खाचेत, टायरभर गोल फिरणाऱ्या रुंद खाचेत, सरळ उभी घाला. तळाला टेकली की टायरच्या पृष्ठभागाच्या पातळीवर काडीला नख लावा आणि नख न हलवता बाहेर काढा. आता ती पट्टीवर धरा. इथे निम्मे लोक चुकतात: पट्टीचा शून्य तिच्या काठावर नसतो, काठापासून थोडा आत असतो. काडीचं टोक शून्याच्या रेघेवर ठेवा, काठावर नको. नाहीतर नक्षी प्रत्यक्षात चार-पाच मिलिमीटर असेल आणि दिसेल एकच.

एकाच जागी मोजून थांबू नका. आतली खाच, मधली खाच, बाहेरची खाच, तिन्ही बघा. आतली कधीच कुणाला दिसत नाही आणि नेमकी तीच खाल्लेली असते. खाचेत मध्येमध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात, त्यांच्यावर काडी टेकवू नका. तो उंचवटा म्हणजे झिजेची खूण. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी आणि बगल मिळतात त्या कडेवर, बारीक त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं दिसतील. त्या रेषेत आत बघितलं की उंचवटा सापडतो. त्याची उंची 1.6 मिलिमीटर. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आली की कायद्यानंही टायर संपला.

नव्या गाडीच्या टायरला साधारण 7 ते 8 मिलिमीटर नक्षी असते. 1.6 ला कायदा टायर बाद करतो; माझा आकडा 3 आहे, आणि तो मी मे महिन्यात लावते. आपल्याकडे वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नक्षीच्या खाचा म्हणजे पाणी बाहेर फेकायचे पाट. पाट उथळ झाले की पाणी टायरखालीच राहतं आणि गाडी रस्त्यावरून उचलली जाते. खांडेपारकडून कुर्टीला जाताना जिथे चौपदरी रस्त्यावर पाणी साचतं तिथे कधी स्टीअरिंग एकदम पिसासारखं हलकं झाल्याचं जाणवलंय? तेच ते. अशा वेळी ब्रेक मारायचा नाही, स्टीअरिंग झटक्यात वळवायचं नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढायचा आणि टायर पुन्हा रस्त्याला लागेपर्यंत सरळ धरायचं.

मे महिन्यात 3 मिलिमीटर नक्षी असलेला टायर पावसाळ्याच्या शेवटी आणखी खाली गेलेला असणार. म्हणून मी सांगते, जे दिवाळीत बदलणार आहात ते मिरगाआधी बदला. पैसे तेवढेच जातात.

आणि पहिल्या पावसाचं वेगळं. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं तेल, धूळ, चिऱ्यांच्या ट्रकांनी सांडलेली तांबडी माती, हे सगळं पहिल्या सरीत साबण होतं. तिथे नवा टायरही सरकतो. टायरला दोष देऊ नका, हळू चालवा.

किलोमीटरचा हिशेब, तरीही हवाच असेल तर

घरची छोटी किंवा मधली गाडी, पुढच्या चाकांना ताकद असलेली, नीट हवा, वेळेवर अलाइनमेंट: 40 ते 50 हजार. मोपा विमानतळावरून पाळोळ्यापर्यंत भाडी मारणारे माझे टॅक्सीवाले हायवेवर एका लयीत चालवतात, ते पन्नासच्याही पुढे नेतात. त्यांना पासिंगचं भय असतं, म्हणून टायरकडे लक्षही जास्त. उलट रोज अनमोड नाहीतर चोर्ला चढणाऱ्याचे पुढचे टायर तिशीतच उतरतात. वळणावर सगळा भार पुढच्या बाहेरच्या खांद्यावर येतो. वीजगाडी असेल तर आणखी कमी धरा. बॅटरीचं वजन जास्त आणि पाय ठेवल्याबरोबर मिळणारी ओढ, दोन्ही टायर खातात.

पुढचे टायर मागच्यांपेक्षा लवकर झिजतात, कारण ओढणं, वळणं आणि ब्रेकचा मोठा वाटा त्यांच्यावरच. म्हणून दर 8 ते 10 हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे करा. बगलेवर बाण असलेला टायर असेल तर एकाच बाजूला पुढे-मागे, डावा-उजवा करायचा नाही. अलाइनमेंटही तेव्हाच बघून घ्या.

हात फिरवा

झीज कशी झाली आहे ते बघितल्यावर गाडीची अर्धी तक्रार मालकानं न सांगताच कळते. दोन्ही खांदे झिजलेत आणि मधला भाग उंच, तर हवा कमी ठेवून गाडी हाकली आहे. मध्येच झिजलाय तर हवा जास्त. फक्त आतला किंवा बाहेरचा काठ खाल्लाय तर चाकाचा कल बिघडलाय, नाहीतर चाकाच्या जोडणीतला एखादा रबरी बुश गेलाय.

एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, हातालाच कळते. गाडी उभी करा, टायर थंड होऊ द्या, आणि नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, आतून बाहेर. मग बाहेरून आत. तारा बाहेर आलेल्या नाहीत हे आधी बघा, नाहीतर हात कापेल. एका दिशेनं हात गुळगुळीत गेला आणि उलट्या दिशेनं टोचला, बांगड्यावर नव्हे, चणकावर खवले असतात तसा, तर पुढच्या चाकांची तोंडं एकमेकांच्या समांतर नाहीत. चाक सरळ फिरत नाही, प्रत्येक फेरीला रस्त्यावर थोडं घासत जातं. याला अलाइनमेंट लागते, आणि ती लगेच केली तर टायर वाचतो. हात वरखाली होत गेला, खड्डे-उंचवटे लागले, तर शॉकॲब्सॉर्बर बघा. तिथे नुसती अलाइनमेंट करून देणारा तुमचे पैसे वाया घालवतोय.

मी मशीनवर बसू लागले तेव्हा लोक माझ्या खांद्यावरून आत बघून विचारायचे, “बाबा नाहीत?” बाबा आत चहा पीत असायचे, मुद्दाम बाहेर यायचे नाहीत. आता तेच लोक गाडी लावतात आणि म्हणतात, “बाय, हात फिरवून बघ.” असो.

हवा

टायरचं आयुष्य वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय हवा, आणि सगळ्यात कमी लोक तो करतात. ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर एक स्टिकर असतो, त्यावर तुमच्या गाडीचा आकडा लिहिलेला आहे. बहुतेक छोट्या गाड्यांना 30 ते 33 पीएसआयच्या (हे हवेच्या दाबाचं माप) आसपास. टायरच्या बगलेवर छापलेला मोठा आकडा म्हणजे टायर जास्तीत जास्त किती सोसेल तो, तुम्ही भरायचा तो नव्हे. हे मी दिवसाला पाच वेळा तरी सांगते. स्टिकरवर भरल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो. चवथीत पाच माणसं, माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या मांडवाचं, सामान आणि डिकीत नारळ घेऊन जाणार असाल तर तो बघा.

हवा सकाळी, गाडी थंड असताना मोजा. थोडं चालवून आल्यावर आकडा तीन-चारनं वाढलेला दिसतो. तो बघून हवा काढू नका, थंड झाल्यावर ती कमी पडेल. चांगला टायरसुद्धा महिन्याला एखादा पीएसआय गमावतो, म्हणून पंधरा दिवसांनी एकदा बघावं. किनाऱ्याकडच्या गाड्यांत, कळंगुट, बेतुल या बाजूच्या, खाऱ्या हवेनं लोखंडी रिमचा काठ गंजतो आणि टायर रिमला जिथे बसतो तिथूनच हवा झिरपते. मालक पंक्चर शोधत राहतो. रिम घासून, साफ करून पुन्हा टायर बसवला की थांबतं. नायट्रोजनचं विचाराल तर, साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो. फुकट मिळाला तर भरा.

फुगा, पंक्चर आणि कापलेला टायर

बगलेवर फुगा आला असेल तर ना तारीख बघायची ना नक्षी, टायर काढायचा. खड्ड्यात चाक आपटलं की आतले धागे तुटतात आणि हवा तिथून रबराला बाहेर ढकलते. वर फक्त रबराचा पातळ पडदा उरतो. “सावकाश घरी जातो” म्हणणारे असतात. स्टेपनी लावा आणि मग जा.

पंक्चर नक्षीच्या भागात, सहा मिलिमीटरपर्यंतच्या भोकाचं असेल तर दुरुस्त होतं. खांद्यावर किंवा बगलेत असेल तर नाही, कुणी कितीही भरवसा दिला तरी नाही. बाहेरून सुईनं कोंबलेली दोरी घरी पोचवते. टायर रिमवरून उतरवून आतून पॅच मारणं हेच खरं काम. उतरवल्यावर आत हात फिरवला की आणखी एक कळतं: हवा नसताना गाडी किती पळवली ते. आत काळी रबराची भुकटी निघाली तर बगल आतून चिरडली गेली आहे. तो टायर बाहेरून कितीही चांगला दिसो, मी परत बसवत नाही. यावरून माझी भांडणं झाली आहेत.

जुना टायर स्वस्तात घेणाऱ्यांनी एवढंच बघा: नक्षी खोल आणि ते 1.6 चे उंचवटे मात्र गायब किंवा मधोमध कापलेले, असं असेल तर झिजलेल्या टायरला गरम पात्यानं नवी खाच मारली आहे. खाली धाग्यांवर काही उरलेलं नसतं. वरून काळं पॉलिश चकचकीत असतंच.

पाचवा टायर

आता माझी फजिती. तीन वर्षांपूर्वी आम्ही बेळगावला निघालो, मी, आई आणि बहीण. मोलें ओलांडून घाट चढायला लागलो आणि डावं मागचं चाक बसलं. मी ऐटीत उतरले, जॅक लावला, स्टेपनी काढली. टायरवर एक कणही धूळ नाही, नक्षीवरचे केसासारखे रबराचे तंतू तसेच. चाक लावलं, जॅक उतरवला, आणि बगलेतून तीन ठिकाणी भेगा उघडल्या. आकडा वाचला. गाडी सेकंडहँड घेतलेली. स्टेपनी तिच्या जन्माबरोबरची, अकरा वर्षांची. दिवसभर दुसऱ्यांचे आकडे वाचणारी मी, माझ्याच डिकीतला कधी वाचला नव्हता. मोबाइलला रेंज नाही. वीसच्या वेगानं मोलेंला परत आलो. आईनं वाटेत एक शब्द काढला नाही, पण घरी पोचल्यावर बाबांना सांगताना काही शिल्लकही ठेवलं नाही.

तर स्टेपनीची तारीख वाचा आणि तिच्यात हवा स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा दोनतीन जास्त ठेवा, कारण तिच्याकडे महिनोन्‌महिने कोणी बघत नाही. काही गाड्यांची स्टेपनी इतर चार चाकांपेक्षा बारीक असते. तिच्यावर वेगाची मर्यादा लिहिलेली असते, बहुतेक 80. नव्या काही गाड्यांत स्टेपनी नसतेच, पंक्चर किट असतं. त्यातल्या द्रवालाही मुदत असते, बाटलीवर बघा.

दोनच बदलायचे असतील तर

चारांचे पैसे एकदम निघत नाहीत, मला कळतं. छोट्या गाडीचा एक टायर चार-पाच हजारांना पडतो. दोन घेतलेत तर एकाच आसाला दोन्ही सारखे हवेत, आणि नवे दोन मागे लावायचे. इथे प्रत्येक जण माझ्याशी वाद घालतो: ओढ पुढे, स्टीअरिंग पुढे, तर नवे पुढे का नाहीत? ओल्या वळणावर पुढचं चाक सरकलं तर गाडी बाहेर जाऊ लागते, तुम्हाला हातात कळतं आणि पाय काढला की सावरते. मागचं सरकलं तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि ती सावरणं तुमच्या-माझ्या हातचं नाही. म्हणून जास्त पकड मागे. चारही चाकांना ताकद असलेली गाडी असेल तर मात्र चारही एकदम, दोनदोनचा खेळ तिच्या गिअरला महाग पडतो.

माप बदलू नका. 185/65 आर15 88एच असं काहीसं लिहिलेलं असतं. शेवटचे 88 आणि एच लोक वाचत नाहीत. 88 म्हणजे एक टायर 560 किलोपर्यंत भार पेलतो, एच म्हणजे ताशी 210 पर्यंतच्या वेगासाठी बनवलेला. तुम्ही 210 नं जाणार नाही, मला माहीत आहे, फोंड्यात कोण जाणार. पण आधीपेक्षा कमी आकड्याचा टायर घालू नका. नवा टायर बसवल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून. साच्यातून सहज सुटावा म्हणून लावलेल्या द्रवाचा चिकट थर घासून जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही.

गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणार असाल, आखातवाले, बोटीवर जाणारे, तर सावलीत ठेवा, जाण्याआधी हवा थोडी जास्त भरा, आणि पंधरा दिवसांतून एकदा शेजाऱ्याला किल्ली देऊन देवळापर्यंत फिरवून आणायला सांगा. अंगणात चार फूट पुढे-मागे केली तर टायर एका जागी चपटा होत नाही एवढंच; मेण वर यायचं तर टायर गरम व्हायला हवा. टायरवर तेलकट पॉलिश मारून झाकू नका.

काकांनी त्या दिवशी जुने चारही टायर परत मागितले. तीन विहिरीजवळ रोपं लावायला, एक नातवाच्या झोपाळ्याला. जुना टायर घरी नेणार असाल तर मला आधी सांगा. खाली चार भोकं पाडून देते, पावसाचं पाणी साठत नाही आणि डेंग्यूचे डास होत नाहीत. त्याचे पैसे घेत नाही.